राणीच्या मिशा

लहानपणापासून माझ्या लेखी मुंग्यांच्या दोनच जाती: चावणारी आणि न चावणारी. पहिली लाल, दुसरी काळी. डोंगळा म्हणजे काळ्यांतला पैलवान. एवढ्या भांडवलावर निम्मं आयुष्य सुखात गेलं. मग घरात मुंग्यांची वसाहत पाळायची लहर आली आणि कळलं, की शास्त्रात 14 हजारांहून जास्त जातींची नोंद आहे आणि त्यातली आपली कुठली, हे आपलं आपणच शोधायचं असतं.

वसाहतीला राणी लागते. पाऊस पडून गेला की पंखवाल्या मुंग्या हवेत झेपावतात, लग्नं वरच्या वर उरकतात, नर मरतात आणि माद्या खाली उतरून पंख गाळून बीळ शोधायला लागतात. ‘मुंगीला पंख फुटले की मरण जवळ’ ही म्हण नरांपुरती हमखास खरी आहे, राण्यांपुरती नेहमीच नाही. एका जातीची राणी माणसाच्या देखरेखीत जवळपास 29 वर्षं जगली आहे! ही पंख गाळलेली बाई वाटेत गाठायची, एवढंच माझं काम.

पहिल्याच संध्याकाळी भिंतीवर सापडली. बारीक कंबर, भलं मोठं डोकं. पाय मोजले, सहा. पुढे दोन मिशा सारख्या हलतायत. हिशेब चोख. परीक्षानळीत पाणी, कापूस, मग राणी, असा सगळा सरंजाम करून झोपलो. सकाळी बघतो तर राणीसाहेब रेशमाच्या धाग्याला लटकून झोके घेतायत. भिंग लावलं. समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन टपोरे डोळे. मिशा नव्हत्याच त्या, वर उचलून धरलेले पुढचे पाय होते. म्हणजे एकूण आठ. हा कोळी मुंगीचं सोंग घेऊन हिंडतो, कारण मुंगीच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. मी गेलो.

दुसरी मात्र खरी होती. पाठ फुगीर, पंख गळल्याच्या खुणा ठळक. त्या फुगीर भागात उडायचे स्नायू असतात. काही जातींच्या राण्या स्वतःला कोंडून घेतात आणि तेच स्नायू जिरवून पहिली पिल्लं वाढवतात, मुलं हाताशी येईपर्यंत अन्नाचा कण नाही. काहींना मात्र मधूनमधून बाहेर पडून शिकार करावी लागते. उपासाचीला खायला घालत बसलं तर ती त्रासून अंडीच खाते, बिनउपासाचीला कोंडलं तर ती उपाशी मरते. म्हणून आधी जात कळायला हवी.

जात ओळखायच्या तक्त्याची रीत सापशिडीसारखी. कंबरेला एक गाठ असेल तर इकडे जा, दोन असतील तर तिकडे. माझीला एकच होती. जिंकल्यासारखं वाटलं. पुढचा प्रश्न होता, पोटाच्या टोकाला केसांची झालर असलेलं गोल भोक आहे की नुसती फट? मी परीक्षानळी डोळ्याला लावून राणीच्या पार्श्वभागाचा अभ्यास करत असताना बायको खोलीत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि काही न बोलता निघून गेली.

मग आल्या मिशा. मुंगीची मिशी कोपरात वाकलेली असते आणि तिला उसासारखे पेरे असतात. ते मोजायचे. पण राणी मिशा एक क्षण स्थिर ठेवील तर शपथ. कोणीतरी सांगितलं, दोन-तीन मिनिटं फ्रीजमध्ये ठेव, गारठली की हलत नाही.

“अरे, या डबीत काय आहे?”

“राणी. उघडू नकोस, गारठायला ठेवलीये.”

“माझं दही कुठे गेलं?”

“राणीला जागा हवी होती.”

बाहेर काढली तेव्हा ती खरोखर निश्चल होती. मी भिंगातून मोजायला लागलो. कोपरापर्यंतचा लांब दांडा धरून आकडा आला 11. पुन्हा मोजले, 12. तिसऱ्यांदा 13. कितीतरी जातींत 13 पेरे नराला असतात, म्हणजे तेवढ्या वेळात माझ्या राणीचा राजा झाला होता. चौथ्यांदा मोजायला वाकलो तर माझा गरम श्वास लागून ती जागी झाली आणि मिशा झाडून चालू पडली.

शेवटी जाणकारांना फोटो पाठवले. सोबत मोजपट्टी हवी म्हणे. पट्टीवर ती डौलात चालली, पण थांबली नेमकी पट्टी संपल्यावर. चालताना पोट ताणून 16 मिलिमीटर, दबकून बसली की 13. कडेने एक, वरून एक, चेहऱ्याचा एक, असे 140 फोटो काढले. त्यातल्या 137 फोटोंत कापूस अप्रतिम आलाय.

उत्तर आलं: कॅम्पोनोटस. मी खूश. खाली एक ओळ होती, ‘ही प्रजाती झाली. जात सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगता येणार नाही.’ या एकट्या प्रजातीत हजाराच्या वर जाती आहेत. म्हणजे इतक्या उपद्व्यापानंतर मी पोचलो होतो डोंगळ्यापर्यंत, पैलवानाच्या त्या जुन्या आखाड्यात. एवढं मात्र कळलं, की ही बहुतेक उपासवाली. नळी काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवली, दही फ्रीजमध्ये परत गेलं.

नळीवर चिठ्ठी लावायची होती. लॅटिन नाव लिहायची हौस होती, पण अर्धंच ठाऊक. शेवटी लिहिलं, ‘काळी, न चावणारी’.

सहा आठवड्यांनी पहिली कामकरी कोषातून बाहेर आली. फिकट, पिवळसर. रंग पक्का व्हायला वेळ लागतो हे माहीत होतं, म्हणून थांबलो. चार दिवसांनी ती विटकरी झाली आणि तिथेच थांबली. मी ‘काळी’ खोडलं. कापूस बदलताना ती बोटावर चढली. मग उरलेलंही खोडलं.