हार्वर्डने लावलेला क्रम कुठे आहे, दाखवा

'मुंबईच्या डबेवाल्यांच्या यशाची 7 सूत्रं, हार्वर्डच्या क्रमवारीनुसार' हा मेसेज आता माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला, आणि तोही नात्यातल्या ग्रुपमधून नाही, तर थेट साहेबांकडून. ती भिवंडीत एका पार्सलच्या गोदामात शिफ्ट सांभाळते. साहेबांनी मेसेजची प्रिंट काढून भिंतीवर लावली आणि जाहीर केलं की इथून पुढे चुकीच्या पिशवीत गेलेल्या प्रत्येक पार्सलमागे पगारातून पैसे कापले जातील. कारण काय, तर डबेवाले शिकलेले नसूनही चुकत नाहीत, तुम्ही तर ग्रॅज्युएट आहात.

मेसेज ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वर लिहिलंय की 'फोर्ब्स' या अमेरिकी नियतकालिकाने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा, म्हणजे जवळजवळ चूकच न होणाऱ्या कामाचं, प्रमाणपत्र दिलं आणि 1 कोटी 60 लाख डब्यांत त्यांची एकच चूक होते. मग क्रमांकासह सूत्रं: समर्पण, शिस्त, खुणांची पद्धत, वेळ, कमी खर्च, संघभावना आणि शेवटी 'तंत्रज्ञान शून्य'. खाली ठळक अक्षरांत 'कोणत्याही धंद्याला लावा, यश नक्की'.

आधी ती एक चूक बघू, कारण बहिणीच्या पगाराला कात्री लागली ती तिच्याच जोरावर.

'फोर्ब्स'ने कुणालाही प्रमाणपत्र दिलेलं नाही. हे मी म्हणत नाही. 1998 मध्ये तो लेख ज्यांनी लिहिला, त्या सुब्रत चक्रवर्तींनीच नंतर हे स्पष्ट केलंय. त्यांनी लेखात 'सिक्स सिग्मा' हा शब्दच वापरला नव्हता. त्यांनी डबेवाल्यांच्या संघटनेच्या प्रमुखांना विचारलं, तुमच्याकडून चूक किती वेळा होते? उत्तर मिळालं, जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांत एखादी. चक्रवर्तींनी कागदावर गुणाकार केला. रोजचे सुमारे पावणेदोन लाख डबे, दोन महिन्यांचे कामाचे दिवस, म्हणजे साधारण 80 लाख डबे. रिकामा डबा परत घरी जातो तीही एक फेरी, म्हणून दुप्पट. झाले 1 कोटी 60 लाख. पुढे 2002 च्या एका परिषदेत कुणा पत्रकाराने प्रमुखांना सिक्स सिग्माबद्दल विचारलं, ते 'मग आम्ही आहोतच, फोर्ब्सला विचारा' अशा अर्थाचं काही बोलले, आणि बातमी छापून आली की फोर्ब्सने प्रमाणित केलं.

म्हणजे हा आकडा कुणी मोजलेला नाही. एका माणसाने आपल्या संस्थेबद्दल अभिमानाने दिलेलं तोंडी उत्तर, गुणिले कामाचे दिवस. बरं, मेसेजवाल्याला स्वतःचंही गणित जमलेलं नाही. सिक्स सिग्माच्या रूढ हिशेबात दहा लाख संधींमागे 3.4 चुका चालतात, म्हणजे 1 कोटी 60 लाखांमागे 54. एक चूक आणि सिक्स सिग्मा एकाच वाक्यात कसे बसवले?

आणि या आकड्यावर पगार कापायचा! गोदामात त्याने काय होईल ते सांगायला हार्वर्ड लागत नाही. चुकीच्या पिशवीत गेलेलं पार्सल कुणी कबूल करणार नाही. ते गुपचूप दुसऱ्या शिफ्टच्या ढिगात सरकेल, भिवंडीत सापडायचं ते नाशिकला सापडेल, आणि भिंतीवरचा चुकांचा तक्ता मात्र छान दिसेल.

आता हार्वर्ड. तिथले प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी डबेवाल्यांवर केस स्टडी लिहिली, 2012 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त लेखही लिहिला. त्यात चार खांब आहेत: संघटना, व्यवस्थापन, कार्यपद्धती आणि संस्कृती. क्रम नाही. उलट त्यांचं म्हणणं असं की ताकद या चारांच्या एकमेकांत बसण्यात आहे. थालीपिठात भाजणी पहिली की कांदा दुसरा, असं विचारण्यातला तो प्रकार. एरवी व्यवस्थापनाच्या शोधनिबंधांत अशा क्रमवाऱ्या लागतात, नाही असं नाही. पण त्या बहुधा मॅनेजर लोकांना प्रश्नावली देऊन, एक ते पाच गुण घेऊन, सरासरी काढून लागतात. त्यातून मॅनेजरांना काय महत्त्वाचं वाटतं ते कळतं. यश कशामुळे आलं, ते त्यातून सिद्ध होत नाही. यशाचे कळीचे घटक ही कल्पना 1979 मध्ये रूढ करणारे एमआयटीचे जॉन रॉकार्ट यांनीही बजावलं होतं की हे घटक धंद्यागणिक, कंपनीगणिक, अगदी मॅनेजरगणिक आणि काळागणिक बदलतात. 'कोणत्याही धंद्याला लावा' हे कुठून आलं मग?

डबेवाल्यांकडे रोज तेच घर, तोच डबा, तेच ऑफिस. डबा वेळेवर तयार न ठेवणारं गिऱ्हाईक वारंवार त्रास देऊ लागलं तर ते सोडूनही देतात. अडीअडचणीसाठी गटात काही माणसं मुद्दाम जास्तीची ठेवलेली असतात. बहिणीच्या गोदामात रोज नवे पत्ते, सणासुदीला ढीग वाढतो आणि जास्तीचा माणूस एकही नाही. ही गोष्ट सात सूत्रांत नाही, कारण तिला पैसे लागतात. समर्पण फुकट असतं.

हो, शिस्तीचा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करतो. टोपी घातली नाही, कामावर दारू प्यायली, तर डबेवाल्यांतही दंड आहे. पण तो दंड लावणारा आणि भरणारा एकाच गटातले, कमाईत वाटेकरी. पगारी पोराकडून तीच निष्ठा मागायची असेल तर वाटाही द्या. खुणांची पद्धतही खरीच अफलातून आहे. डब्याच्या झाकणावरच्या चार-दोन अक्षरांत आणि रंगांत स्टेशन, इमारत, मजला सगळं बसतं.

यादीत लोकल मात्र नाही! मार्च 2020 मध्ये लोकल थांबली आणि डबे थांबले. ऑक्टोबरमध्ये डबेवाल्यांना गाडीत चढायची परवानगी मिळाली, तोवर ऑफिसं ओस पडली होती. समर्पण, शिस्त, संघभावना सगळं शाबूत होतं. मावळ-मुळशीची, जुन्नर-खेडची कित्येक माणसं गावी शेतावर नाहीतर मिळेल त्या कामावर गेली. क्रम लावायचाच हट्ट असेल तर पहिल्या दोन जागा लोकलला आणि ऑफिसात जेवणाऱ्या माणसाला द्या.

मेसेजमधलं राहिलेलं भराभर. 'तंत्रज्ञान शून्य': त्यांनी वेबसाइट आणि एसएमएसवर नोंदणी केव्हाच सुरू केली होती, आणि लोकल हे तंत्रज्ञान नसेल तर काय आहे? '130 वर्षांत एकही खाडा नाही': गावच्या जत्रेसाठी ते दरवर्षी काही दिवस सुट्टी घेतात, आणि ऑगस्ट 2011 मध्ये अण्णा हजारेंच्या पाठिंब्यासाठी एक दिवस काम बंद ठेवलं होतं. 2005 मध्ये प्रिन्स चार्ल्सच्या लग्नाचं आमंत्रण आलं, हे खरं आहे. त्याने पार्सल योग्य पिशवीत कसं जातं, ते प्रिंट लावणाऱ्या साहेबांनी समजावून सांगावं.