भिंतीवरचे खिळे

मागच्या महिन्यात दादाने गावाहून एक फोटो पाठवला. तापीकाठच्या आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचा वरचा हॉल, पांढरी भिंत आणि भिंतीत ओळीने ठोकलेले खिळे. चित्रं नाहीत. शनिवारी सकाळी लावलेलं प्रदर्शन रविवारी दुपारी उतरवलं होतं.

कोळशाने काढलेली ती चित्रं सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेल्या गावांची होती. नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावं त्या धरणाने बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. डोंगरउतारावरची घरं, पाण्याबाहेर राहिलेले झाडांचे शेंडे, सपाटीवरच्या नव्या वसाहतीत सरळ रांगेत बांधलेल्या खोल्या. काढणारा मुलगा अशाच एका वसाहतीत वाढलेला. मी दादाला विचारलं, बंदी घातली कोणी? तो म्हणाला, "बंदी कसानी? कागद नही, पत्तर नही. फोन उना, चित्रं उतारी लिन्हात."

फोन कोणाचा, ते कोणी सांगत नाही. कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात नोंद नाही. ग्रंथपाल म्हणतात वरून सांगितलं. विश्वस्त म्हणतात, तुम्ही समजून घ्या.

मी 22 वर्षं टेक्सासमध्ये राहते. 'तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं' हे वाक्य मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्य आहे. दगड आला तर काच गावातल्या लोकांची फुटणार. पण त्या वाचनालयाची मी आजीव सभासद आहे, सातवीपासून दुपारच्या दुपारी त्याच हॉलखालच्या बाकावर वाचत बसलेली. म्हणून बोलते.

इथे आमच्या उपनगरातल्या ग्रंथालयात एक भिंत प्रदर्शनांसाठी राखलेली आहे. तिचे लेखी नियम आहेत: अर्ज कसा करायचा, किती दिवस मिळतील, आक्षेप असेल तर कोणता फॉर्म भरायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल. आणि खाली एक ओळ, की भिंतीवर जे लागतं ते ग्रंथालयाचं मत समजू नये. काही वर्षांपूर्वी तिथे सीमेवरून आलेल्या स्थलांतरितांची छायाचित्रं लागली. तक्रारी आल्या. नगर परिषदेच्या खुल्या बैठकीत ज्याला बोलायचं त्याला तीन-तीन मिनिटं मिळाली. माझ्या शेजारच्या बाई चित्रं काढा म्हणून बोलल्या, मी ठेवा म्हणून बोलले. दोघींनी आधी आपापलं नाव आणि पत्ता सांगितला. दुसऱ्या दिवशी आम्ही एकमेकींना कचऱ्याचे डबे बाहेर काढताना भेटलो. छायाचित्रं महिनाभर राहिली.

हे सांगून 'बघा, अमेरिका' असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. याच टेक्सासमधल्या लॅनो काउंटीत 2021 साली सार्वजनिक ग्रंथालयांतून 17 पुस्तकं काढली गेली. त्यांत इसाबेल विल्करसन यांचं 'कास्ट' होतं. अमेरिकेतला वंशभेद समजावताना भारतातल्या जातीकडे आणि डॉ. आंबेडकरांकडे वळणारं ते पुस्तक लॅनोच्या फळीवरून खाली उतरलं, हे वाचलं तेव्हा मला ते फार जवळचं दुखलं. तिथल्या सात वाचकांनी 2022 मध्ये खटला भरला. 2023 च्या एप्रिलमध्ये तर ग्रंथालयंच बंद करावीत का यावर काउंटीने बैठक घेतली. लोक जमले, बोलले, ग्रंथालयं उघडी राहिली. पण मे 2025 मध्ये पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने वाचकांच्या विरोधात निकाल दिला: ग्रंथालयाने काढलेलं पुस्तक परत ठेवा अशी मागणी करण्याचा घटनात्मक हक्क वाचकाला नाही. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांना तो निकाल लागू आहे. म्हणजे नियम, फॉर्म, बैठका सगळं असूनही वाचक हरू शकतो. हरलेच.

तरी फरक आहे, आणि मला तो मोठा वाटतो. कोणती 17 पुस्तकं, कोणी काढली, कोणत्या तारखेला, हे सगळ्यांना माहीत आहे. हरलेल्या वाचकांपाशी निकालाची प्रत आहे, विरोधात लिहिलेली न्यायाधीशांची मतं आहेत, उद्या कोणी पुन्हा भांडायचं ठरवलं तर कुठून सुरुवात करायची ते ठाऊक आहे. आमच्या मुलापाशी काय आहे? गुंडाळलेले कागद. दाद कोणाच्या निर्णयाविरुद्ध मागायची, तेच त्याला कोणी सांगत नाही.

कायदा आपल्याकडे कमी नाही. उलट या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली एस. रंगराजन खटल्यात फार स्पष्ट सांगून ठेवलंय, की मोर्चाची किंवा हिंसेची धमकी आली म्हणून अभिव्यक्ती दडपता येत नाही आणि संरक्षण देणं शासनाचं कर्तव्य आहे. पण न्यायालयात जायला आधी कोणीतरी 'नाही' म्हणावं लागतं. फोन 'नाही' म्हणत नाही. तो फक्त अनुदानाची आठवण करून देतो.

इथे विश्वस्तांची बाजूही समजून घ्यायला हवी. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारची नाहीत. गावातल्या संस्थांनी चालवलेली, 1967 च्या कायद्याखाली मान्यता घेतलेली, अ-ब-क-ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळणारी. त्या अनुदानातून ग्रंथपालाचा पगार निघतो, वर्तमानपत्रांचं बिल निघतं. वर्ग घसरला तर संस्था घसरते. त्यात जानेवारी 2004 मध्ये पुण्यात जमावाने हल्ला करून भांडारकर संस्थेची काय दशा केली ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रंथपालाने पाहिलंय. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. पण घाबरून उतरवलं असेल तर तेच लिहा: 'अमुक तारखेला अमुक प्रकारचा दबाव आला, सुरक्षेची हमी मिळाली नाही, म्हणून प्रदर्शन थांबवत आहोत.' चार ओळी. त्या चार ओळी लिहिल्या की भीतीचा भार वाचनालयाच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. ज्याने फोन केला त्यालाही त्यातला वाटा उचलावा लागतो.

वाचनालयात राजकारण नको, असंही गावात काहीजण म्हणत आहेत. खान्देशात हे म्हणावं याचं मला नवल वाटतं. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं आणि त्यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या साहित्यातून अधिवेशनाचं टिळकनगर उभं केलं. त्याच मांडवात शेतसारा, खंड आणि कर्ज यांवरचा शेतकरी कार्यक्रम मंजूर झाला. राज्य इंग्रजांचं होतं. चित्रकार, शेतकरी आणि राजकारण एका मांडवाखाली बसलेले आमच्या आजोबांनी पाहिले होते. केळीच्या बागा सोडून चालत गेले होते ते. त्याच मुलखात धरणाने उठलेल्या गावांची चित्रं दोन दिवसही भिंतीवर राहू नयेत?

मुलाने चित्रं पुन्हा लावा असं अजून म्हटलेलं नाही. त्याची आई नको म्हणते, आणि तिला कोण समजावणार. मी दादाला एवढंच सुचवलं, की सभासद म्हणून एक अर्ज दे. प्रदर्शन कोणाच्या निर्णयाने आणि कोणत्या कारणाने उतरवलं ते लेखी कळवावं, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा. प्रदर्शनांसाठी नियम करावेत असा ठराव मांडावा: भिंत कोणाला मिळेल, आणि लागलेलं चित्र उतरवायचं तर कोणाच्या सहीने. दादा साठीचा आहे, भांडणं त्याला मानवत नाहीत. तरी गेला. कारकुनाने अर्ज वाचला, बाजूला ठेवला, "भाऊ, राहू द्या ना" म्हणाला. दादा पोच घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणून बाकावर बसून राहिला. वर्तमानपत्रं वाचणारे दोघे-तिघे त्याच्या शेजारी येऊन बसले.

काल त्याने दुसरा फोटो पाठवला. अर्जाच्या प्रतीवर निळा शिक्का आहे, आवक क्रमांक आहे, तारीख आहे. उत्तर अजून आलेलं नाही. वरच्या हॉलमधले खिळे कोणी काढलेले नाहीत.