सहकुटुंब पक्षीनिरीक्षण

नागपुरात पोरांना निसर्ग दाखवायचा तर हिवाळ्यात. मे महिन्यात सकाळी दहालाच निसर्ग सावली धरून बसतो आणि शहाणी माणसं कूलरसमोर.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि पाखरांची खरी लगबग त्यानंतरचे दोनेक तास. म्हणजे अंबाझरी तलावाच्या काठावर सातला पोचायचं, तर साडेपाचला घरात हालचाल हवी. ती होतेही. एक मोजा सापडत नाही, पोट्टे पुन्हा ब्लँकेटमध्ये शिरतात, आणि सगळे बूट घालून उभे राहिल्यावर आजी पराठे लाटायला घेते. उपाशी लेकरं कुठं नेता, हा तिचा प्रश्न बिनतोड असतो. नऊ वाजता तळ्यावर पोचणाऱ्या कुटुंबाला बगळे दिसतात. बगळ्यांना वेळेचं बंधन नाही.

मग दुर्बीण. जाणकार 8×42 सुचवतात: आठ पट मोठं दिसणार, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं. मोठ्यांना उत्तम. पण लहान मुलाच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी असतं. दोन्ही नळ्या जवळ आणून आणून थकलं तरी त्याला एका डोळ्यानं दिसतं, दुसऱ्यात अंधार. ते बिचारं खरं तेच सांगतं, "बाबा, काहीच दिसून नाही राह्यलं." बाबा म्हणतात, "नीट पाय ना बे!" नीट पाहून उपयोग नसतो. दोन्ही बाजूंनी दुमडणारी 8×21 ची छोटी दुर्बीण द्यावी, आणि आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरून, नजर न हलवता दुर्बीण वर आणायला शिकवावं. सराव टिबुकली या छोट्या पाणपक्ष्यावर करू नये. ती बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. वारकरी नावाचा पाणपक्षी बरा. काळा, कपाळ पांढरं, निवांत पोहणारा. आणि संत्री दुर्बिणीनंतर सोलावीत. रसाळ बोटं भिंगाला लागली की कुणीतरी ओढणीच्या टोकानं पुसतं, वरची धूळ घासली जाते आणि भिंगावर कायमचे ओरखडे उमटतात. आधी फुंकर, मग मऊ कापड.

एवढं करून पोरं आकाशाकडे पाहतच नाहीत. ती उकिडवी बसतात झाडाच्या बुंध्याशी, जिथे कोरडी, पिठासारखी माती असते. त्या मातीत उलट्या शंकूचे खड्डे असतात, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. तळाशी एक किडा मातीत दडून फक्त जबडे उघडून बसलेला. मुंगी काठावरून घसरली की तो खालून माती उडवतो, म्हणजे तिला वर चढता येऊ नये. गवताच्या काडीनं दोन कण आत ढकलले तरी तो फसतो आणि माती उडवतो. बाहेर काढून ठेवला तर मागेमागेच चालतो. बाबांना दूरवर पट्टकदंब हंस दिसल्याचा भास होत असतो, आणि पोरं अर्धा तास एका खड्ड्याशी. माझं मत विचाराल तर पोरांचं बरोबर आहे. फुकट आहे, जवळ आहे आणि उडून जात नाही.

परतताना कुसळ. कुसळी गवताच्या बीला सुईसारखं टोक आणि त्यावर मागे वळलेले बारीक केस, म्हणून ते पुढेच सरकतं. शेपटीला पीळ असतो. दवानं ओलं झालं की तो उलगडतो आणि बी मोज्यात स्क्रूसारखं फिरत शिरतं. शेपूट धरून ओढाल तर ती हातात येते, टोक आतच राहतं. मोजा उलटा करायचा, टोक जिकडे बाहेर आलंय तिकडूनच चिमट्यानं ओढायचं. जाडे लोकरी मोजे घालूच नयेत. गुळगुळीत कापडाची पँट मोज्यांवरून खाली सोडावी.

हे कुणीही आधी सांगत नाही. सगळे मोजे एकदम वॉशिंग मशीनमध्ये जातात, आणि मग महिनाभर बाबांच्या ऑफिसच्या बनियनमध्ये निसर्ग टोचत राहतो.