वॉरबर्ग, नोबेल आणि साखरेचा फॉरवर्ड

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. म्हणे ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला १९३१ साली कॅन्सरचं मूळ कारण शोधल्याबद्दल नोबेल मिळालं, कारण काय तर पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, मग कॅन्सर फक्त साखरेवर जगतो, तेव्हा साखर बंद करा, अल्कलाइन म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं खा, गाठ उपाशी मरेल.

आधी नोबेल. ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या कामासाठी होतं, कॅन्सरसाठी नाही. कॅन्सरचं निरीक्षण त्याने १९२० च्या दशकात केलेलं, आणि ते नेमकं उलट आहे, ऑक्सिजन भरपूर असतानाही ट्यूमरच्या पेशी ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचं अर्धवट मोडून लॅक्टेट करत सुटतात! यावरून त्याने मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली एनर्जी बनवणारी केंद्रं, बिघडलेत असं ठरवलं, पण बहुतेक ट्यूमरमध्ये ते चालूच असतात.

आता खरी गंमत. या शॉर्टकटने एका ग्लुकोजमागे २ एटीपी (पेशीचं एनर्जीचं चलन) मिळतात, पूर्ण जाळलं तर ३० च्या आसपास, मग असा तोट्याचा धंदा कशाला? कारण पेशीला भराभर दोनाच्या चार व्हायचंय, त्याला नुसती एनर्जी पुरत नाही, डीएनए, प्रोटीन, फॅट बनवायला कच्चा माल लागतो आणि तो या वाटेवर मिळतो. ही वाट धरायला लावतात मिक, पी५३ सारखे बिघडलेले जीन्स, तुमचा चहा नाही.

"फक्त साखर" हेही खोटं, ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल), फॅट, लॅक्टेट सगळं चालतं कॅन्सरच्या पेशींना. आणि तुम्ही साखर सोडली तरी लिव्हर ग्लुकोज बनवतंच, मेंदूला लागतं ना. कॅन्सर शोधायच्या पेट (PET) स्कॅनमध्ये गाठ चमकते ती ग्लुकोज जास्त ओढते म्हणून, तेवढंच त्यातून कळतं. लठ्ठपणा आणि वाढलेलं इन्सुलिन यांचा काही कॅन्सरशी संबंध आहे, मान्य, पण तो धोका वाढण्याचा मुद्दा झाला, उपचाराचा नाही. ट्रीटमेंट चालू असलेल्या, आधीच वजन उतरलेल्या माणसाला उपाशी ठेवणं तर सरळ घातक.

अल्कलाइनचं काय बोलायचं, रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, ७.३५ ते ७.४५ मध्ये किडनी आणि फुप्फुसं धरून ठेवतात, ताटात काय आहे ते विचारत नाहीत.

बरं, मेटाबॉलिझम बिघडून कॅन्सर होतच नाही असंही नाही, आणि हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. आयडीएच नावाच्या एन्झाइमच्या जीनमध्ये म्युटेशन झालं की पेशीत एक भलतंच रसायन साठतं, त्याने डीएनएवरच्या खुणा पुसणारी एन्झाइम्स अडकतात आणि पेशी धड परिपक्व होतच नाही, कच्चीच वाढत राहते. हे एन्झाइम रोखणारी औषधं आहेत, ल्युकेमियाच्या काही पेशंट्सना देतात, तीही जीन टेस्टमध्ये ते म्युटेशन सापडलं तरच.