अळ्या ‘होत’ नाहीत

तांदळात सोंडे झाले, डोक्यात उवा झाल्या, जखमेत किडे पडले. आपण सहज असंच बोलतो. ते कुठून तरी आले असं कुणी म्हणत नाही. त्या वस्तूतूनच उपजले, असा सूर असतो. हजारो वर्षं माणूस खरोखर हेच मानत होता. ऐतरेय उपनिषदात जिवांचे अंडज, जारुज (गर्भातून जन्मणारे), स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार प्रकार आहेत. स्वेदज म्हणजे घामातून, ओलसर उष्म्यातून जन्मणारे. तिकडे ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवलं की ईल मासे चिखलातून निपजतात.

यावर कुणी हसलं की मला वाईट वाटतं. सोंड्याचंच बघा. मादी तांदळाच्या दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा पोखरत वाढते, आतच कोषात जाते, आणि बाहेर येतो तो थेट पुरा वाढलेला किडा. वरून धान्य स्वच्छ! डबा उघडणाऱ्याने काय समजायचं? जुन्या लोकांनी पाहिलं होतं ते नीटच. फक्त झाकून पाहिलं नव्हतं.

तो झाकून पाहण्याचा प्रयोग १६६८ साली इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदी या वैद्याने प्रसिद्ध केला. त्याने मांस-मासे बरण्यांत ठेवले, काही उघड्या, काही बंद. अळ्या फक्त उघड्या बरण्यांत. हवा कोंडली म्हणून झाल्या नसतील, अशी शंका कुणी काढेल, म्हणून त्याने तोंडाला तलम जाळीचं कापड लावलं. हवा आत जात होती, मांस सडत होतं, वास येत होता, माश्या वर घिरट्या घालत होत्या. मांसात मात्र एकही अळी नाही. ती जाळी मला कुठल्याही वादविवादापेक्षा मोठी वाटते.

आणि हाच रेदी झाडांच्या गाठींतले किडे मात्र झाडच जन्माला घालतं, असं मानत राहिला! बंद गाठ, आत किडा, तोही फसला. ती अंडी कीटकच घालतात, हे पुढे माल्पीगी या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवलं.

म्हणून ‘पूर्वज अडाणी होते’ हेही मला पटत नाही आणि ‘आपल्या ग्रंथांत सगळं आधीच होतं’ हेही नाही. सूक्ष्मजंतूही आपोआप उपजत नाहीत हे दाखवणाऱ्या पाश्चरचं नाव घेऊन ‘मग पहिला जीव आपोआप कसा आला?’ असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन, त्याने उकळलेल्या रश्श्याची परीक्षा घेतली होती, अब्जावधी वर्षांपूर्वीच्या पृथ्वीची नव्हे. तो प्रश्न अजून उघडा आहे, आणि उघडा आहे हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

त्या ईलचं सांगायचं राहिलं. योहानेस श्मिट हा डॅनिश संशोधक वर्षानुवर्षं अटलांटिकमध्ये जाळी टाकत, ईल जन्मतात कुठे हे शोधायला लहानात लहान पिल्लांचा माग काढत १९२२ पर्यंत सारगासो समुद्रापाशी पोचला. युरोपातल्या ईलची अंडी समुद्रात अजूनही कुणाला सापडलेली नाहीत. शोध चालू आहे.