महापालिकेला कारण विचारू नका, रजिस्टर मागा

शहरात बायकांसाठी किती मुताऱ्या आहेत, त्यातल्या किती खरंच चालू आहेत आणि त्या कुठल्या प्रभागात आहेत, असं माहिती अधिकारात विचारलं की उत्तर येतं, "सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." हे वाक्य मला आता पाठ झालंय. वस्तीत माणशी किती पाणी येतं ते विचारा, दिव्यांगांसाठी राखीव ठेवलेल्या 5 टक्क्यांतून कुठे काय खर्च झालं ते विचारा, उत्तर तेच. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची. एखाद्या वस्तीला कमी मिळतंय हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत असतं, पण ते कागदावर दाखवायची वेळ आली की महापालिका म्हणते आम्ही तसा हिशेबच ठेवत नाही, म्हणजे तक्रार करणारा आपोआप खोटा.

हे उत्तर अधिकारी बिनधास्त देतात त्याला कारण आहे. सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सीबीएसईच्या केसमध्ये सांगितलं की जी माहिती रेकॉर्डवर आहे तेवढीच द्यायची, नसलेली गोळा करून, तयार करून द्यायची जबाबदारी कार्यालयावर नाही. ठीक. पण मग जे रेकॉर्डवर आहे ते तर द्यावंच लागेल ना? आणि महापालिकेत कागद काय कमी असतात? स्वच्छतागृहांचं रजिस्टर असतं, वर्क ऑर्डर असते, मेजरमेंट बुक, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं लिहायची वही असते, ठेकेदाराची बिलं असतात, फाइलवर टिपण्या असतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते, "आमच्या वस्तीवर अन्याय का" असं लिहून अर्ज देऊ नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागदाचं नाव लिहा, वर्ष लिहा, क्षेत्रीय कार्यालय लिहा आणि प्रमाणित प्रत मागा.

मुंबईत 2011 पासून बायकांनी 'राइट टू पी' म्हणून जी मोहीम चालवली ती आठवा. एकाच इमारतीत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हे रोज दिसत होतंच, कुणाला धक्का बसावा असं त्यात काही नव्हतं. पण माहिती अधिकारात कागद निघायला लागले, पुरुषांसाठी किती सोय आणि बायकांसाठी किती हे महापालिकेच्याच आकड्यांत समोर यायला लागलं, तेव्हा तो विषय थट्टेवारी नेणं लोकांना जड जाऊ लागलं. पुढे डिसेंबर 2015 मध्ये पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई हायकोर्टाने राज्यातल्या महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहं बांधायचे आणि नीट ठेवायचे आदेश दिले. आदेश आहे, पण तो आपल्या गल्लीपर्यंत आला की नाही हे आपल्यालाच बघावं लागतं.

आमच्या भागातल्या एका स्वच्छतागृहाच्या नोंदीची प्रत आम्ही काढली होती. "महिला – 6 सीट, स्थिती – वापरात" असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, खाली सही. ती प्रत हातात घेऊन वस्तीतल्या दोन ताई आणि मी तिथे गेलो तर तीन सीटना कुलूप, एकात झाडू आणि ब्लीचिंग पावडरची पोती, एकाला दाराची कडी नाही. राहिली एक. आणि बाहेर बसलेला माणूस बायकांकडून पाच रुपये घेत होता. आम्ही आधी कितीदा तोंडी तक्रार केली होती, "बघतो ताई" याच्यापुढे गाडी गेली नव्हती. त्या प्रतीला फोटो जोडून दिले तेव्हा आरोग्य निरीक्षक स्वतः बघायला आले, कारण आता प्रश्न त्यांच्याच खात्याच्या सहीवर होता.

आता पैशाचं. बजेटमध्ये महिला बालकल्याण, दुर्बल घटक, दिव्यांग यांच्यासाठी तरतूद दिसते, पेपरात बातमी येते, सगळे खूश. पण वर्षभरात वर्गीकरणाचे ठराव होतात, म्हणजे एका कामाचा निधी उचलून दुसऱ्या कामाला द्यायचा, आणि खरी वाटणी तिथे होते. मी पाहिलेल्या एका फाइलमध्ये वस्तीतल्या शौचालय दुरुस्तीचे पैसे दुसऱ्या भागातल्या पेव्हर ब्लॉककडे वळवले होते, टिपणीत कारण एवढंच की "सदर तरतूद खर्च होण्याची शक्यता कमी". ती खर्च का झाली नाही, टेंडर का काढलं नाही, यावर एक ओळ नाही. म्हणून बजेटचं पुस्तक बघून थांबू नका, वर्गीकरणाचे ठराव मागा. 2022 पासून मुंबई पुण्यासकट कितीतरी महापालिकांत बराच काळ प्रशासक होते, सभागृहात प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते, त्या काळातल्या फाइली तर आवर्जून बघायला हव्यात.

बाकी अर्ज करणं अवघड नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, साधारण 150 शब्दांत, हा महाराष्ट्राचा नियम आहे, त्यामुळे पाणी, शौचालय, निधी एकाच अर्जात कोंबू नका. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कुणी विचारलं तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(2) दाखवा. पोच घ्याच. 30 दिवसांत माहिती दिली नाही तर नंतर ती फुकट द्यावी लागते. प्रथम अपिलाला, म्हणजे तिथल्याच वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागायला, वीस रुपयांचं स्टॅम्प, आणि ते अपील कराच, कारण बरेचदा सुनावणीची तारीख लागल्यावर कागद सापडतात. माहिती आयोगाकडच्या दुसऱ्या अपिलात मात्र फार वेळ जातो, त्यामुळे होईल तेवढं खालीच मिळवायचं. आणि दर सोमवारी दुपारी 3 ते 5 फाइली बघायची सोय, जी पुणे महापालिकेने सुरू केली आणि 2018 च्या जीआरने राज्यभर आली, ती तुमच्याकडे चालू असेल तर वापरा. अर्जात काय मागायचं तेच कळत नसेल तर आधी फाइल बघा, कागदांची नावं तिथेच कळतात.

कर्मचारी कमी आहेत हे मला मान्य आहे, एका क्लार्ककडे तीन टेबलांचं काम असतं आणि शिव्या पण त्यालाच. पण त्याच महापालिकेला कुठल्या घराची किती घरपट्टी थकली आहे हे पैशापर्यंत माहीत असतं. मग कुठल्या प्रभागात बायकांच्या किती सीट चालू आहेत हे का माहीत नसावं? माहिती अधिकाराच्याच कलम 4 प्रमाणे ही माहिती न मागता वेबसाइटवर यायला हवी, बजेटचं वाटप, अनुदानाच्या योजना, सगळं. हे प्रभागवार आणि स्त्री-पुरुष वेगळं लावलं तर आमच्यासारख्यांना अर्ज करावाच लागणार नाही. तोपर्यंत अर्जात हे लिहा, कॉपी केलं तरी चालेल:

"आपल्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतील सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या नोंदवहीची चालू वर्षाची प्रमाणित प्रत, तसेच त्यांच्या देखभाल दुरुस्तीच्या मागील आर्थिक वर्षातील कार्यादेशांच्या व अदा केलेल्या बिलांच्या प्रती मिळाव्यात. प्रती देण्यापूर्वी मूळ अभिलेखाची पाहणी करू द्यावी."

उत्तर आलं की प्रत घेऊन जागेवर जा, फोटो काढा आणि इथे कमेंटमध्ये टाका, मी प्रभागवार एकत्र लावायला घेते.