‘एकाचं झालं की दुसऱ्याचं आपोआप होतं’? नाही होत

इंग्लंडमधल्या स्लाऊ, हॅरो, रेडिंग इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर साधारण असा: ‘यूकेत ५ वर्षं झाली की नागरिकत्व मिळतं. नवरा-बायकोने एकच अर्ज करायचा, एकाचं झालं की दुसऱ्याचं आपोआप होतं. सुट्ट्या ४५० दिवसांच्या आत ठेवा, बस. इथे जन्मलेलं मूल ब्रिटिशच असतं. भारतीय पासपोर्टही ठेवून द्या, कोणी विचारत नाही.’ यातलं बरंचसं सपशेल चूक आहे, उरलेलं अर्धवट. आणि त्याचा फटका सहसा डिपेन्डंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर, आलेल्या बायकोला बसतो, कारण ‘तुझं काय, माझ्यामागे होईलच’ हे तिलाच ऐकवलं जातं.

आधी ५ वर्षांचं बघू. कामाच्या व्हिसावर ५ वर्षं झाल्यावर मागता येतो तो आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी. नागरिकत्व ही त्यापुढची पायरी. १९८१च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी अ‍ॅक्टप्रमाणे आयएलआर हातात येऊन साधारणपणे १२ महिने व्हावे लागतात, मग अर्ज. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी ६ वर्षं धरूनच चाला.

आता ‘एकच अर्ज’. असा जोडीचा अर्ज अस्तित्वातच नाही. दोघांचे फॉर्म वेगळे आणि फीसुद्धा वेगळी, माणशी १,६०० पौंडांच्या वर. ‘लाइफ इन द यूके’ची, म्हणजे ब्रिटनबद्दलच्या सामान्यज्ञानाची, परीक्षाही दोघांनी द्यायची: २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास. आयएलआरच्या वेळी दिली असेल तर पुन्हा द्यायची गरज नाही. पण नवरा पास झाला म्हणून बायकोला सूट मिळत नाही. इंग्रजीचा पुरावाही ज्याचा त्याने द्यायचा.

मेसेजमधल्या ‘आपोआप’मागे एक खरी तरतूद आहे, ती मात्र नीट समजून घ्यायला हवी. जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल तर ५ ऐवजी ३ वर्षांचा रहिवास पुरतो आणि आयएलआरनंतर १२ महिने थांबावं लागत नाही. आयएलआर मात्र लागतोच. समजा, तो २०१८ला आला आणि ती २०२०ला. त्याचा आयएलआर २०२३ला, नागरिकत्व २०२४ला. तिचा आयएलआर २०२५ला. तो आता ब्रिटिश असल्यामुळे ती लगेच अर्ज करू शकते, २०२६ची वाट बघायला नको. ‘आपण दोघं बरोबरच करू’ म्हणत तो थांबला असता तर तिचंच एक वर्ष वाया गेलं असतं. त्याने आधी करावं, ते दोघांच्याही फायद्याचं.

सुट्ट्यांच्या हिशोबात तर सगळ्यात जास्त घोळ होतो. यूकेबाहेर ४५० दिवस हा ५ वर्षांच्या मार्गाचा आकडा. ब्रिटिश जोडीदाराच्या मार्गावर ३ वर्षांत २७० दिवस. दोन्हीकडे शेवटच्या १२ महिन्यांत ९० दिवसांची मर्यादा आहेच, आणि मेसेज नेमकी तीच गाळतो. शिवाय अर्ज पोचण्याच्या बरोबर ५ किंवा ३ वर्षांपूर्वीच्या त्या तारखेला तुम्ही यूकेतच असायला हवं. बाळंतपणाला माहेरी पाच महिने राहून आलेल्या बाईला ९० दिवसांचा नियम आडवा येतो. अशा वेळी घाईने अर्ज करण्यापेक्षा ते दिवस शेवटच्या १२ महिन्यांच्या बाहेर सरकू द्यावेत. अर्ज नाकारला तर नागरिकत्वाच्या शपथेच्या समारंभाचा भाग सोडून फी परत मिळत नाही.

दिवस मोजायचे तेही नीट मोजा. यूके सोडल्याचा आणि परत आल्याचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. १० डिसेंबरला संध्याकाळी लंडनहून निघालात, ११ला मुंबईत उतरलात, २ जानेवारीच्या पहाटे निघून त्याच दिवशी लंडनला पोचलात, तर गैरहजेरी ११ डिसेंबर ते १ जानेवारी, म्हणजे २२ दिवस. यूके बाहेर जाताना शिक्का मारत नाही, म्हणून मुंबईचे शिक्के उपयोगी पडतात. पण येण्याच्या शिक्क्यावर ११ असतं आणि तुम्ही यूके सोडलेलं असतं १०ला, हे विसरू नका. जिने-तिने स्वतःचा तक्ता ठेवावा. नवऱ्याच्या तारखा बायकोला लागू पडत नाहीत, कारण माहेरी ती जास्त दिवस राहिलेली असते.

मुलाचंही तसंच. जन्माच्या वेळी आई-वडिलांपैकी एक तरी ब्रिटिश किंवा आयएलआरधारक असेल, तर मूल जन्मतः ब्रिटिश. दोघंही साध्या कामाच्या व्हिसावर असतील तर नाही. नंतर दोघांपैकी एकाला आयएलआर मिळाला की मुलाची नोंदणी करता येते, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी.

राहिला भारतीय पासपोर्ट. या सल्ल्याचा मला खरोखर राग येतो. भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपसूक संपतं. समारंभात शपथ घेतली, त्या दिवसापासून तो पासपोर्ट प्रवासाला वापरता येत नाही. तो सरेंडर करायचा, प्रमाणपत्र घ्यायचं, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज. ओसीआयवर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही; वडिलोपार्जित शेती वारसाने मिळू शकते. ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय किंवा व्हिसा हातात येईपर्यंत भारतात जाता येत नाही, तेव्हा घरी लग्नकार्य असेल तर समारंभाची तारीख त्या हिशोबाने घ्या. निमंत्रण आल्यापासून ३ महिन्यांच्या आत तो उरकायचा असतो.